कलावंतांची वही

कोणतेही कर्म तीन प्रकारे घडते, असे आपल्याकडे लहानपणापासून शिकविले जाते : स्वतः करणे, दुसऱ्याकडून करविणे आणि करणाऱ्याला अनुमोदन देणे. पापाच्या बाबतीत या तिन्हींचे स्मरण आपण प्रतिक्रमणात नेमाने करतो. सत्कार्याच्या बाबतीत मात्र बहुधा पहिल्या प्रकारापाशीच थांबतो. ज्याला गाता येते त्याने गावे, ज्याला रंगविता येते त्याने रंगवावे आणि इतरांनी समोर बसून टाळ्या वाजवाव्यात, एवढाच आपला कलेशी संबंध उरतो. ज्याच्या अंगी कोणतीही कला नाही, अशा माणसाला कलावंतांच्या संस्थेत काय काम असणार? या प्रश्नाचे उत्तर मला निवृत्तीनंतर शहागडमध्ये मिळाले. ते वाचकांपुढे ठेवावे, एवढाच या लेखनाचा हेतू.

शहागड हे अंबड तालुक्यातील गोदाकाठचे गाव. सोलापूर-धुळे महामार्ग येथे गोदावरी ओलांडतो आणि पुलापलीकडे बीड जिल्हा सुरू होतो. नदीच्या वरच्या अंगाला संत एकनाथांचे पैठण, तालुक्याच्या ठिकाणी अंबडला दत्तजयंतीच्या संगीत महोत्सवाची जुनी परंपरा, शेजारच्या घनसावंगी तालुक्यात समर्थ रामदासांचे जन्मगाव जांब. अशा परिसरात कलावंतांची वाण नसते. सप्ताहात मृदंग वाजविणारे आहेत, भारूड म्हणणारे आहेत, संबळ आणि तुणतुणे घेऊन गोंधळ घालणारी घराणी आहेत, हलगीवादक आहेत, पोळ्याचे बैल आणि गणपतीच्या मूर्ती घडविणारे कुंभार आहेत. एकेकाळी दुकानांच्या पाट्या आणि ट्रकच्या मागची नक्षी रंगविणारे पेंटरही होते. फ्लेक्सची छपाई आली आणि त्यांपैकी बहुतेकांनी घरांना रंग देण्याची कामे धरली.

यांपैकी कोणीही स्वतःला ‘कलावंत’ म्हणवून घेत नव्हते. शेती, मजुरी किंवा छोटे दुकान हा त्यांचा व्यवसाय आणि कला ही घराण्यातून आलेली गोष्ट. त्यांना एकत्र आणले ते कोरोनाच्या साथीने. सप्ताह, लग्ने, जत्रा सारेच बंद झाले. राज्य शासनाने लोककलावंतांना एकरकमी ५,००० रुपयांचे साहाय्य देण्याचे ठरविले, तेव्हा साहजिकच प्रश्न आला की, तुम्ही कलावंत आहात याचा पुरावा काय? आमच्या भागातील कित्येकांपाशी वाद्य होते, हाताला घट्टे होते, परंतु कागद नव्हता. त्यानंतर शाळेतील एक चित्रकला शिक्षक आणि भजनी मंडळाचे बुवा यांनी सर्वांना बोलावून एक मंडळ काढण्याचे ठरविले.

माझा त्यात प्रवेश झाला तो हिशेबासाठी. वाणिज्य शाखेचे शिक्षण आणि बँकेतील नोकरी यांमुळे गावात माझ्याविषयी एक समज होता की, या माणसाला कागद कळतात. बुवा घरी आले आणि म्हणाले, “साहेब, गाणं-वाजवणं आम्ही बघतो. तुम्ही फक्त पैशाचं बघा. पैशावरून आमची याआधी दोनदा फाटाफूट झालेली आहे.” मला सूर आणि बेसूर यांतला फरकही नीट कळत नाही, हे मी त्यांना सांगितले. ते हसून म्हणाले, “म्हणूनच तर आलो. तुम्ही कोणाची बाजू घेणार नाहीत.”

संस्था म्हणजे काय, हे त्या पहिल्या वर्षात मला नव्याने समजले. संस्था नोंदणी अधिनियम, १८६० खाली नोंदणी करायची तर किमान सात सभासद लागतात. त्याच्याच जोडीला महाराष्ट्रात सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खालीही नोंदणी करावी लागते. उद्देशपत्रिका, नियमावली, पदाधिकाऱ्यांची यादी, जागेच्या मालकाचे संमतिपत्र असे सर्व कागद जमविताना संबळ वाजविणारे मामा एकदा म्हणाले, “एवढ्या वेळात तर सगळ्या पंचक्रोशीचा गोंधळ उरकला असता!” तथापि प्रमाणपत्र आले, तेव्हा त्यावरून सर्वांत जास्त वेळा हात फिरविला तो त्यांनीच.

पुढचे काम बँकेतील खात्याचे. खाते दोघांच्या सहीने चालावे, असा ठराव केला. प्रत्येक जमेला पावती आणि प्रत्येक खर्चाला व्हाउचर, हा नियम ठेवला. महिन्यातून एकदा बैठक आणि बैठकीच्या आरंभी मागील महिन्याच्या सर्व नोंदी मोठ्याने वाचून दाखवायच्या, ही प्रथा पाडली. सभासदांपैकी काहींना लिहिता-वाचता येत नाही. वाचून दाखविलेला हिशेब मात्र त्यांना माझ्यापेक्षा चांगला लक्षात राहतो. एका बैठकीत बहात्तर वर्षांच्या भारुडकार आजोबांनी मला थांबविले आणि विचारले, “मागल्या महिन्यात सतरंजीचं भाडं दोनशे होतं, या वेळी अडीचशे कसं?” त्या दिवशी माझी खात्री पटली की, हे मंडळ टिकेल.

पहिली खरी कसोटी मात्र पैशाच्या कमतरतेतून आली नाही. ती आली देणगीतून आणि तीही आपल्याच समाजातील एका सद्‍गृहस्थांच्या देणगीतून. ते व्यापारी आहेत, व्रतनियम कसोशीने पाळणारे आहेत. मंडळाला चांगली रक्कम देण्याची त्यांची इच्छा होती. त्यांनी एकच अट घातली : माझा एकही रुपया चामड्यावर खर्च होता कामा नये. त्याच महिन्यात मृदंगाच्या पुड्या बदलण्याचा आणि संबळ नव्याने मढविण्याचा खर्च मंजुरीसाठी यायचा होता.

बैठकीत क्षणभर शांतता पसरली. मृदंगवादकांच्या चेहऱ्यावर अपमानाची छटा दिसली. ज्या वाद्याला ते रोज नमस्कार करून हात लावतात, त्यालाच कोणी अशुद्ध ठरवीत आहे, असे त्यांना वाटणे अस्वाभाविक नव्हते. दुसऱ्या बाजूला देणगीदारांची अटही ढोंगी नव्हती. ज्याने आयुष्यभर चामड्याचा पट्टा आणि पाकीट वापरले नाही, त्याने आपल्या दानाच्या विनियोगाविषयी तोच विवेक ठेवावा, हे मला मान्यच होते.

मी देणगीदारांच्या घरी गेलो, तेव्हा चित्रकला शिक्षकांनाही सोबत घेतले. बोलता बोलता शिक्षक नम्रपणे म्हणाले, “शेठजी, आपल्या पैशांतून मुलांसाठी ब्रश आणायचे ठरले, तर तेही पाहून घ्यावे लागतील. चित्रकारांचे कित्येक चांगले ब्रश प्राण्यांच्या केसांचे असतात. मुंगसाच्या केसांचे ब्रश तर वन्यजीव संरक्षण कायद्याने बंद आहेत, तरी चोरून विकले जातात.” हे शेठजींना माहीत नव्हते, खरे सांगायचे तर मलाही नव्हते. मुंगूस मारल्याशिवाय त्या ब्रशाचे केस बहुधा मिळत नाहीत, हे ऐकल्यावर शेठजी बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “म्हणजे मृदंगच काय, चित्राकडेही डोळे उघडे ठेवून पाहायला हवे.” शिक्षकांनी नायलॉनच्या ब्रशांचे नमुने दाखविले. मुलांच्या कामाला ते पुरेसे होतात, याची खात्री दिली.

हिशेबशास्त्रात अशा प्रसंगासाठी एक साधी सोय आहे. विशिष्ट हेतूने दिलेली देणगी ‘राखीव निधी’ म्हणून वेगळ्या खात्यात दाखवावी आणि त्याच हेतूवर खर्च करावी. शेठजींच्या रकमेतून कागद, रंग, नायलॉनचे ब्रश आणि मुलांच्या चित्रकला वर्गाचा खर्च करावा, असे ठरले. मृदंगाच्या पुड्यांचा खर्च सभासदांच्या वर्गणीतून आणि सप्ताहाच्या बिदागीतून झाला. ढोलकीसाठी फायबरची पाने मिळतात, ती शिकणाऱ्या मुलांच्या ढोलकीला लावून पाहिली. जुन्या मृदंगवादकांनी ती ऐकून मान हलविली : “बोलत नाही, नुसतं वाजतंय.” परंतु मुलांच्या सरावाला ती चालू ठेवली. अहिंसा आणि नाद यांच्यातील प्रश्न आम्ही सोडविला, असा माझा दावा नाही. दोन प्रामाणिक माणसे एकाच सतरंजीवर बसू शकतील, एवढी जागा वहीतील दोन स्तंभांनी करून दिली. शेठजी आता बैठकीला येतात आणि मृदंगवादकांशी त्यांचे चांगले जमते.

यानंतर मंडळाने जे काम हाती घेतले, ते मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. राज्य शासनाची वृद्ध साहित्यिक आणि कलावंतांसाठी मानधनाची योजना १९५४-५५ पासून चालू आहे. आता तिला राजर्षी शाहू महाराजांचे नाव दिलेले आहे आणि २०२४ पासून पात्र कलावंतांना दरमहा ५,००० रुपये मानधन आहे. वयाची पन्नास वर्षे पूर्ण, उत्पन्न ठरलेल्या मर्यादेच्या आत आणि कलेच्या क्षेत्रात किमान पंधरा वर्षांचे काम, या तिच्या प्रमुख अटी. संबळवाले मामा साठी ओलांडलेले. गोंधळ घालायला लागून त्यांना चाळीसहून अधिक वर्षे झालेली. परंतु पंधरा वर्षांचा पुरावा म्हटल्यावर ते माझ्याकडे पाहतच राहिले.

“साहेब, संबळ वाजवायचा का पावत्या जमा करायच्या? आज्यापासून आमचंच घराणं या गावांमधून गोंधळ घालतंय. पण हे लिहून कोण ठेवणार?”

त्यांचे म्हणणे खरे होते. गोंधळ रात्री घातला जातो, पहाटे दिवटी विझते, दक्षिणा हातावर पडते आणि पुढच्या गावाची वाट धरावी लागते. त्याची निमंत्रणपत्रिका नसते, वृत्तपत्रात बातमी नसते, सन्मानचिन्ह नसते. शहरातील कलावंताच्या कपाटात कात्रणे असतात. मामांच्या घरात भिंतीला टांगलेला संबळ आणि देवीची तसबीर, एवढेच होते.

“लिहून कोण ठेवणार?” हा त्यांचा प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. कारण ज्या घरात मी वाढलो, तेथे सर्व काही लिहून ठेवले जात असे. आपल्या व्यापारी कुटुंबांत दिवाळीला गौतमस्वामींच्या लब्धीचे स्मरण करून वही उघडण्याची रीत आहे आणि एकदा उघडलेल्या वहीत आणा-पैशाचीही नोंद चुकत नाही. मग या पंचक्रोशीत गोंधळ झाला, सप्ताह झाला, त्याचा पैसा कोणाच्या तरी वहीतून गेलाच असणार!

आम्ही शोध सुरू केला. शेतकरी कुटुंबांकडे लग्नाच्या वह्या असतात. कोणी काय आहेर केला, कोणाला काय दिले, हे त्यांत लिहिलेले असते, कारण पुढे तो आहेर परत फेडायचा असतो. आचारी, मांडव, वाजंत्री, फुले यांच्या रांगेत एखाद्या ओळीत ‘गोंधळी’ हा शब्द आणि पुढे रक्कम सापडू लागली. कोठे मामांचे नाव, कोठे त्यांच्या वडिलांचे. आपल्या समाजातील जुन्या दुकानांच्या वह्यांत धर्मादाय खर्चाच्या पानांवर सप्ताहाची वर्गणी होती आणि कोठे कोठे मृदंगवाल्यांस शाल, भारूडवाल्यांस धोतरजोडी अशा नोंदी होत्या. काही वह्या वाळवीने खाल्लेल्या, काही मोडीत लिहिलेल्या, बऱ्याच रद्दीत गेलेल्या. तरीही जे हाती आले ते थोडे नव्हते. मामांविषयीची सर्वांत जुनी नोंद पस्तीस वर्षांपूर्वीची निघाली. ५१ रुपये आणि शिधा.

त्या पानाची छायाप्रत, वही ज्यांच्या घरची त्या कुटुंबप्रमुखाचे सहीनिशी पत्र आणि ग्रामपंचायतीचा दाखला असा एकेक पुरावा जोडून पाच जणांचे प्रस्ताव तयार केले. या कामात मंडळाचे तरुण सभासद गावोगाव दुचाकीवर फिरले. ज्यांच्याकडे गेलो त्यांपैकी कोणीही दार बंद केले नाही. उलट वही चाळता चाळता ज्या लग्नाची ती वही, त्या लग्नातील गोंधळ कसा रंगला होता, हे ऐकायला मिळे. तेही आम्ही लिहून घेतले.

या शोधात असताना मला आपल्याच परंपरेकडे पुन्हा एकदा पाहावेसे वाटले. शहागडच्या वरच्या अंगाला जे पैठण आहे, तेच प्राचीन प्रतिष्ठान. कालकाचार्यांनी सातवाहन राजाच्या विनंतीवरून पर्युषणाची तिथी भाद्रपद शुद्ध पंचमीऐवजी चतुर्थीला घेतली, ती कथा याच नगरातली. ही कालकाचार्य कथा पश्चिम भारतात कल्पसूत्राच्या जोडीने शेकडो वेळा लिहिली गेली आणि सोने, लाजवर्दी निळा, लाल अशा रंगांनी चित्रित झाली. पाटण, जेसलमेर, खंभात येथील ग्रंथभांडारांनी ती हस्तलिखिते जपली. जगभरातील संग्रहालये आज ती अभिमानाने मांडतात. त्यांच्या अखेरीस असलेल्या प्रशस्तीत दान करणाऱ्या श्रावक-श्राविकेचे कुळ असते, गुरूंचे नाव असते, लेखनिकाचे नाव आणि संवतही असतो. चित्रे काढणाऱ्याचे नाव मात्र क्वचितच आढळते.

वेरूळच्या जैन लेण्यांवरील डोंगरात भगवान पार्श्वनाथांची भव्य मूर्ती आहे. तिच्यावरील शके ११५६ च्या लेखामुळे ती करविणाऱ्या चक्रेश्वर श्रावकाचे नाव आपल्याला जवळजवळ आठशे वर्षांनंतरही ठाऊक आहे. ज्या हातांनी तो कातळ कोरला, त्यांचे नाव त्यात नाही. यात दात्यांचा दोष काढण्याचा माझा हेतू नाही. त्यांनी दिले म्हणून कला घडली आणि आपल्या पूर्वजांनी जपले म्हणून ती उरली. पण करविणाऱ्याचे नाव लिहिणारी लेखणी करणाऱ्याच्या नावापाशीही थांबली असती, तर तिला किती थोडी शाई जास्त लागली असती!

शहरांतील जुन्या कलासंस्थांनी हे काम केले, म्हणून त्यांचे मोल आहे. मुंबईत १८८८ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे आर्ट सोसायटीची वार्षिक प्रदर्शने गाजली, पारितोषिके गाजली. परंतु आज अभ्यासकाला उपयोगी पडतात त्या त्या प्रदर्शनांच्या छापील सूची. कोणत्या वर्षी कोणी कोणते चित्र मांडले, हे त्या सूचींमुळे कळते. कोल्हापूरच्या १८८३ सालच्या देवल क्लबसारख्या संस्थाही टिकल्या, त्या गाणाऱ्यांबरोबर व्यवस्था पाहणारे लोक पिढ्यान्‌पिढ्या मिळत गेले म्हणून. गावाकडच्या कलावंताच्या वाट्याला अशी संस्था सहसा येत नाही.

आमच्या मंडळात आता एक मोठी नोंदवही आहे. प्रत्येक कलावंताला तिच्यात स्वतंत्र पाने दिलेली आहेत. तारीख, गाव, प्रसंग, बोलावणाऱ्याचे नाव, सोबतचे साथीदार, मिळालेली बिदागी अशी नोंद प्रत्येक कार्यक्रमानंतर होते आणि शक्य असल्यास छायाचित्र चिकटविले जाते. बिदागी शक्यतो खात्यात घ्यावी, असा आग्रह धरला आहे. प्रारंभी मंडळी कंटाळली. आता कार्यक्रमाहून परतताना लोक वाटेत मला थांबवून सांगतात, “साहेब, कालचं लिहून घ्या.” एका हलगीवादकाच्या मुलीने, जी महाविद्यालयात शिकते, वडिलांची पाने स्वतः लिहिण्याचे काम घेतले आहे. तिचे अक्षर माझ्यापेक्षा चांगले आहे.

पाच प्रस्तावांपैकी दोन मंजूर झाले. संबळवाले मामांचा प्रस्ताव अद्याप विचाराधीन आहे आणि आम्ही पाठपुरावा करीत आहोत. पाचवा प्रस्ताव भारुडकार आजोबांचा होता. तो पूर्ण होण्यापूर्वीच, गेल्या थंडीत, ते अल्पशा आजाराने गेले. शोकसभेत भाषणे करण्याऐवजी त्यांची पाने वाचावीत, असे बुवांनी सुचविले. कोणत्या गावी, कोणत्या सप्ताहात, कोणासोबत असे अर्धा तास वाचन चालले होते आणि लोक मधूनमधून त्यात आपल्या आठवणी घालत होते. सभा संपल्यावर त्यांचा नातू माझ्याजवळ आला आणि त्याने त्या पानांची छायाप्रत मागितली. कशासाठी, असे मी विचारले नाही. मानधनाचा आता प्रश्नच नव्हता. त्याला आपला आजोबा हवा होता आणि तो त्या पानांत होता.

आपल्या समाजाने दानाची परंपरा मोठ्या निष्ठेने चालविली आहे. वैयावृत्त्य म्हणजे सेवा, ती साधुसाध्वींची करावी आणि गरजवंतांचीही करावी, हे आपण जाणतो. गावातील कलावंताला मात्र आपण बहुधा कार्यक्रमापुरते बोलावतो, शाल देतो आणि विसरतो. निवृत्त झालेले अधिकारी, शिक्षक, हिशेबनीस, वकील असे कितीतरी लोक आपल्या समाजात आहेत. त्यांच्या गावातील भजनी मंडळाला किंवा नाट्यमंडळाला नोंदणी, लेखापरीक्षण, बँक खाते, अर्ज यांसाठी एखादा जाणता माणूस हवा असतो. वर्षअखेरीनंतर सहा महिन्यांच्या आत हिशेबांचे लेखापरीक्षण करून घेणे, पदाधिकारी बदलल्यास नव्वद दिवसांत बदल अर्ज देणे, या साध्या गोष्टी राहून गेल्यामुळेही चांगल्या संस्था अडचणीत येतात. ही सेवा करण्यासाठी गळा लागत नाही.

आणि आणखी एक विनंती. येत्या दिवाळीपूर्वी घराची आवराआवर होईल आणि माळ्यावरच्या जुन्या वह्या रद्दीत घालण्याचा विचार होईल. त्या देण्यापूर्वी एकदा चाळाव्यात. धर्मादाय खर्चाची आणि लग्नखर्चाची पाने विशेष लक्ष देऊन पाहावीत. एखाद्या ओळीत एखाद्या वादकाचे, चित्रकाराचे, मूर्तिकाराचे नाव आणि पाच-पंचवीस रुपयांची रक्कम सापडेल. त्या पानाचे छायाचित्र काढून ज्याचे नाव आहे त्याच्या घरी पोहोचते करावे. आपल्या दृष्टीने तो खर्च कधीच निकाली निघालेला असतो; त्या घरासाठी ती नोंद अजून जमेची असू शकते.